गाढवीने निदान पाहिलं तरी होतं

ख्रिस्ती पुस्तक लिहिताना एआय वापरावं का, असा विषय निघाला की कुणीतरी हमखास बायबलमधली बलामाची गाढवी पुढे आणतं. देव गाढवीच्या तोंडून बोलला, मग यंत्राच्या तोंडून का नाही बोलणार? हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकला की शेवटी गणनाच्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय पुन्हा उघडून बसलो. तिथली गोष्ट जरा वेगळी आहे. उपसलेली तलवार घेऊन वाटेत उभा असलेला देवदूत गाढवीला दिसतो. द्रष्टा म्हणून ज्याला बोलावणं आलंय त्या बलामाला दिसत नाही. ती वाट सोडून शेतात शिरते, मग भिंतीला घासते, शेवटी खाली बसते. तीनदा मार खाते आणि त्यानंतर बोलते. आधी पाहिलं, मग तोंड उघडलं. आपल्या हातातल्या साधनाने मात्र काहीच पाहिलेलं नाही, आणि तोंड तर ते विचारायच्या आत उघडतं.

मी या साधनांच्या विरोधात नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांना दिलेल्या भेटींवर मननांचं एक छोटं पुस्तक मी वर्षभर लिहितो आहे आणि त्यात एआय वापरलं आहे. कुठे वापरलं, कुठे हात आखडता घेतला, यावर विचार करता करता हा लेख सुचला. ख्रिस्ती पुस्तक, मग ते मनन असो, चरित्र असो की बायबलचा अभ्यास, शेवटी साक्ष असते. साक्षीदाराला लेखनिक चालतो. बदली साक्षीदार चालत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे; पण ते लावायला गेलं की पानोपानी अडखळायला होतं.

लेखनिक पवित्र शास्त्राला नवा नाही. रोमकरांस पत्र प्रेषित पौलाचं, पण ते लिहून घेतलं तर्तियाने. सोळाव्या अध्यायाच्या बाविसाव्या वचनात तो मध्येच डोकं वर काढतो आणि वाचकांना स्वतःचा सलाम सांगून घेतो. एवढ्या भारदस्त पत्रातली ही एक ओळ मला फार आवडते. गलतीकरांना लिहिताना शेवटी पौल लेखणी स्वतःच्या हातात घेतो आणि म्हणतो, बघा, केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहितोय. थेस्सलनीकाकरांना तर तो बजावतो की माझ्या हातचा सलाम हीच माझ्या प्रत्येक पत्राची खूण. त्याच्या नावावर दुसऱ्याच कुणाचं पत्र खपवलं जाईल, ही भीती तेव्हाही होती.

त्याहून जवळचा वाटतो तो यिर्मयाचा छत्तिसावा अध्याय. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलं, त्याचा लेखनिक बारुखाने गुंडाळीवर लिहिलं आणि मंदिरात वाचून दाखवलं. पुढे सरदारांनी ते ऐकलं, ते घाबरले, आणि त्यांनी बारुखाला विचारलं ते असं: हे सगळं तू लिहिलंस कसं? बारुखाने आढेवेढे घेतले नाहीत. तो तोंडाने सांगत गेला, मी शाईने लिहीत गेलो. संपलं. पुस्तक कसं तयार झालं, या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर देता येतं का, ही माझी कसोटी आहे. किती टक्के मजकूर यंत्राचा, असले हिशेब मला पटत नाहीत. एका टक्क्यातही साक्ष खोटी ठरू शकते.

लेखनिकाची कामं या साधनाने चोख केली, यात वाद नाही. माझं बोलणं उतरवून घेतलं, शुद्धलेखन पाहिलं, एकच मुद्दा तीन प्रकरणांत आलाय हे दाखवून दिलं. सूचीचा कच्चा आराखडा तासाभरात हातात आला. हात थरथरणाऱ्या, दृष्टी अधू झालेल्या एखाद्या वृद्ध पाळकाला आपली आयुष्यभराची प्रवचनं नुसती बोलून कागदावर आणता येत असतील, तर त्यावर कुणी नाकं मुरडू नयेत.

पण वचनं मागितली तिथे पहिला झटका बसला. या साधनाची भाषा-यंत्रणा मुळात बायबल उघडून बघत नाही. पुढचा संभाव्य शब्द कोणता, ते जुळवत जाते. प्रसिद्ध वचन असेल तर तेच शब्द असंख्य ठिकाणी छापलेले असल्यामुळे बहुधा बरोबर येतं. नहूम, सफन्या अशा कमी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांत शिरलं की एका भाषांतराचं डोकं आणि दुसऱ्याचं धड असलेलं वचन समोर येतं, वर अध्यायाचा आकडा अगदी छातीठोक. स्तोत्रांचा तर क्रमांकच जुन्या लॅटिन बायबलात वेगळा आहे; आपलं मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र तिथे बाविसावं. दोन्ही परंपरांचे आकडे एकाच पानावर मिसळले की वाचक कुठे शोधणार? असं वचन मुद्रितशोधकाच्याही हातून सुटतं, कारण कानाला ते शास्त्रासारखंच लागतं. जे चुकीचं वाटतं ते पकडता येतं; हे बरोबर वाटतं, तिथेच घोळ आहे.

अवतरणांचंही तसंच. ‘सदैव सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा’ हे वाक्य संत फ्रान्सिसच्या नावावर साधनाने मला दोनदा दिलं. फ्रान्सिसच्या उपलब्ध लिखाणात ते कुठेच नाही. ‘जो गातो तो दुप्पट प्रार्थना करतो’ हे ऑगस्टिनच्या नावावर सर्रास खपतं. तेही या शब्दांत त्याच्याकडे सापडत नाही. अर्थात इथे यंत्राला नावं ठेवायला तोंड नाही. व्यासपीठांवरून वर्षानुवर्षं ही वाक्यं आपणच फेकत आलो. त्याने आपली चूक पाठ केली, इतकंच.

लंडनमध्ये १६३१ साली छापलेल्या एका बायबलमध्ये दहा आज्ञांतल्या सातव्या आज्ञेतला ‘नको’ गळाला आणि व्यभिचार करण्याचीच आज्ञा छापून गेली. छापणाऱ्यांना ३०० पौंड दंड झाला, परवानाही गेला. दंड करायला माणूस सापडला हे महत्त्वाचं. आज माझ्या पुस्तकात खोटं वचन गेलं तर ‘ते एआयने दिलं’ हे वाक्य मला ढाल म्हणून वापरता येणार नाही. मुखपृष्ठावर नाव माझं आहे.

मराठीत आणखी एक भानगड आहे. ही साधनं जालावरच्या मराठीवर वाढली आणि तिथे ख्रिस्ती मराठी चवीपुरतीच. माझ्या मसुद्याची ‘भाषा सुधारताना’ साधनाने ‘तारण’ काढून ‘मोक्ष’ घातला. दोन्ही शब्द आपापल्या घरी मानाचे आहेत, पण घरं वेगळी. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. तारणात कुणीतरी बुडणाऱ्याला हात देऊन वर काढतं. काढणारा नसेल तर तो शब्दच उरत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी याच साधनाने तारणाचा अर्थ कर्जासाठी ठेवलेलं गहाण असा लावून चांगला सहा ओळींचा परिच्छेद लिहिला. हसलो, पण ते हसू फार टिकलं नाही. सुवार्ता आणि शुभवर्तमान, बाप्तिस्मा आणि स्नानसंस्कार, प्रभुभोजन आणि ख्रिस्तप्रसाद: या जोड्यांतला कुठला शब्द कुठल्या मंडळीत बोलला जातो, हे लहानपणापासून प्रार्थनेत बसलेल्या पोरालाही कळतं. साधन दोन्ही एकाच परिच्छेदात वापरतं. मग ते पान प्रॉटेस्टंट वाचकालाही परकं आणि कॅथलिक वाचकालाही.

या चुका मात्र तपासून दुरुस्त होतात आणि साधनं सुधारत जातील तशा कमीही होतील. एआयच्या विरोधातला सगळा युक्तिवाद चुकांवर उभा करणाऱ्यांची मला म्हणूनच काळजी वाटते. उद्या चुका थांबल्या की त्यांच्याकडे बोलायला काय उरेल? माझा खरा आक्षेप चूक नसलेल्या मजकुराला आहे.

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र घ्या. दुःखाची स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेकांत कुठेतरी वळण येतं: तरीही मी देवाची स्तुती करीन. हेमान एज्राहीच्या या स्तोत्रात ते वळण येतच नाही. तो रात्रंदिवस आरोळी मारतो, जवळची माणसं दुरावतात, आणि हिब्रूत शेवटचा शब्द ‘अंधार’ असा आहे. पुढे काही नाही. मी साधनाला या स्तोत्रावर मनन लिहायला सांगितलं. सुरुवात सुरेख होती. शेवटच्या परिच्छेदात मात्र पहाट झाली, ढग सरले, देवाचा हात दिसला. म्हटलं, स्तोत्रात आशा नाही, तू का घातलीस? त्याने नम्रपणे माफी मागितली आणि पुन्हा लिहिलं. या वेळी पहाट नव्हती, पण ‘अंधारातही एक मंद ज्योत’ होती. तिसऱ्यांदा स्पष्ट शब्दांत मना केलं तेव्हा अंधारावर थांबलं खरं, पण ते माझ्या हट्टासाठी. त्याला तिथे थांबावंसं वाटलं नव्हतं. त्याला काही वाटतच नाही.

ज्याचं मूल गेलंय असा बाप अशा मननाचं पान उघडेल. त्याला पहाट नको असते. हे स्तोत्रही शास्त्रात आहे, आपण एकटे नाही, एवढंच हवं असतं. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र यात साधनाहून सरस होते. ते आले, त्यांनी कपडे फाडले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेली ही एकच गोष्ट धड होती. पुढे बोलायला लागले आणि बिघडलं. त्यांची वाक्यं घोटीव, मुद्देसूद, सुटी काढली तर धार्मिकही होती. शेवटी देव त्यांच्यावर रागावतो आणि म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. नीट बोलणारा ईयोब म्हणजे वीसेक अध्याय तक्रार करणारा, देवाला कोर्टात खेचू पाहणारा ईयोब. यंत्राचं लिखाण मला त्या मित्रांच्या जातीचं वाटतं, फक्त त्यांचे ते पहिले सात दिवस वजा करून.

यावर उत्तर मिळतं की साधनाने सगळे भाष्यकार वाचलेत, तुझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक आहे. असेल. पण हजार साक्षी वाचलेला माणूस साक्षीदार होत नाही, ती ऐकीव माहितीच राहते. योहानाचं पहिलं पत्र सुरू होतं ते आम्ही जे ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं, हातांनी चाचपलं त्याविषयी सांगतो, असं म्हणत. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने सगळं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तोही प्रस्तावनेत थियफिलाला सांगतो की ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून आलेलं मी मुळापासून नीट शोधून लिहितोय. एकाने पाहिलं, दुसऱ्याने शोध घेतला. दोन्ही मार्ग खुले आहेत. न पाहता, न शोधता नुसतं जुळवून लिहिणं हा तिसरा मार्ग कुणी सांगितलेला नाही. अमेरिकेतल्या एका कॅथलिक संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये ‘फादर जस्टिन’ नावाचा बोलका एआय पाळक आणला. लोकांशी बोलताना तो आपण खराखुरा धर्मगुरू असल्याचं सांगू लागला. टीका झाली आणि काही दिवसांतच त्याचा झगा उतरवून त्याला साधा ‘जस्टिन’ करावं लागलं. माहिती देण्यात तो फार कमी पडला असं नव्हे. ‘मी’ म्हणाला तिथे फसला. मननाच्या पुस्तकात हा ‘मी’ प्रत्येक पानावर असतो.

आणि लिहिताना लिहिणाऱ्याचं काय होतं, याचाही हिशेब धरायला हवा. छपाई नवी असताना योहानेस ट्रिथेमियस नावाच्या जर्मन मठाधिपतीने १४९२ मध्ये हाताने नकला करणाऱ्यांची स्तुती करणारा ग्रंथ लिहिला. छापील कागद टिकणार नाही, चर्मपत्र हजार वर्षं राहील, अशी त्याची खात्री होती. दोन वर्षांनी तो ग्रंथ त्याने छापूनच घेतला, म्हणून आजवर त्याची थट्टा होते. मीही करत असे. पण त्याचा आणखी एक मुद्दा होता: जे आपण हाताने लिहितो ते मनावर जास्त खोल उमटतं. छापखान्याने हा मुद्दा हरवला असं मला वाटत नाही, कारण छापखाना नुसत्या प्रती काढत होता. मजकूर कुणीतरी आधी झुरून लिहिलेलाच असे. आताचं साधन ते झुरणंच उचलून नेतं. थोमा या शिष्याने ‘त्याच्या हातांतले व्रण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही’ म्हटलं त्या प्रसंगावर मी तीन आठवडे अडकून होतो. पानं फाडली. साधनाने वीस सेकंदांत दिलं असतं आणि माझ्यापेक्षा बरं लिहिलं असतं, पण मग त्या तीन आठवड्यांत माझ्या स्वतःच्या संशयाशी माझी गाठ पडली नसती. ते प्रकरण अजूनही थोडं खडबडीत आहे. राहू दे.

दोन गोष्टी थोडक्यात. लोकांच्या साक्षी, प्रार्थनाविनंत्या, पाळकाजवळ रडून सांगितलेली घरगुती दुःखं संपादनासाठी सरळ साधनात चिकटवणाऱ्यांनी थांबावं. ती कबुली तुम्हाला दिली होती, कुठल्या कंपनीच्या सर्व्हरला नाही. दुसरी गोष्ट अधिक अवघड. ही साधनं ज्या पुस्तकांवर वाढली त्यांतली कितीतरी चोरीच्या प्रतींतून घेतलेली होती. जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायाधीशाने विकत घेतलेल्या पुस्तकांवरचं प्रशिक्षण कायद्यात बसतं, पण चोरट्या प्रती जमवून ठेवणं बसत नाही, असा निवाडा दिला, आणि त्याच खटल्यात अँथ्रॉपिक या एआय कंपनीने पुढे लेखकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. ‘चोरी करू नको’ ही आज्ञा पुस्तकात छापणाऱ्याने हे माहीत नसल्याचा आव आणू नये. मी तरीही साधन वापरतो. टोचतं. टोचू नये म्हणून युक्तिवाद शोधायचा नाही, एवढं ठरवलं आहे.

आता चित्रांकडे. लेखक शब्दांबाबत जितके सोवळे असतात तितके मुखपृष्ठाबाबत नसतात. चार शब्द टाइप केले, चित्र आलं, झालं. त्यात कायद्याची एक अडचण अशी की अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेच्या बाबतीत मजकूर आणि मांडणी लेखिकेची मानली, पण मिडजर्नी या एआय साधनाने काढलेल्या चित्रांना संरक्षण नाकारलं. म्हणजे निदान तिथे तरी तुमचं मुखपृष्ठ कुणीही उचलू शकतं. पण माझी काळजी त्याच्या अलीकडची आहे. चित्रही विधान करतं, आणि चित्रातली चूक हट्टी असते. बायबलच्या निर्गम या पुस्तकात मोशे डोंगरावरून उतरतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तेज असतं. मूळ हिब्रू क्रियापदाचं शिंगाच्या शब्दाशी नातं आहे. लॅटिन भाषांतरात मोशे ‘शिंगाळ’ झाला आणि रोममध्ये मायकेलअँजेलोचा संगमरवरी मोशे आजही डोक्यावर दोन शिंगं घेऊन बसला आहे. तरी तिथे भाषांतरकाराचं नाव ठाऊक आहे, शब्द ठाऊक आहे, वाद घालता येतो. यंत्राच्या चित्रात चूक कुठून आली, हे कुणाला विचारणार? शुभवर्तमानांत येशूच्या नाकाडोळ्यांचं वर्णन एका ओळीचंही नाही. लेखक आत लिहितो की तो कसा दिसत होता ते आपल्याला ठाऊक नाही, आणि मुखपृष्ठ म्हणतं, आम्हाला आहे ना.

माझ्या मुखपृष्ठासाठी मी अम्माऊसची वाट निवडली होती. दोन शिष्य चाललेत, तिसरा सोबत येतो, तो येशू आहे हे त्यांना ओळखू येत नाही. गोष्टीचा सगळा जीव त्या न ओळखण्यात आहे. साधनाने पहिल्या चित्रात तिसऱ्याच्या डोक्यामागे तेजोवलय घातलं. आता एवढा झगमगता माणूस शेजारून चालत असताना न ओळखणारे ते दोघे आंधळेच म्हणायचे! वलय काढायला सांगितलं, तर पांढरंशुभ्र वस्त्र आलं. ते मळवलं, तर सूर्य नेमका त्याच्याच मागे मावळू लागला. शतकानुशतकांची चित्रं त्याच्या पोटात आहेत आणि त्या चित्रांत येशू चमकतो. साध्या माणसासारखा येशू त्याला जमेना. वर शीर्षकातल्या वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या होत्या, ते वेगळंच. पंचवीसेक चित्रांनंतर मी नाद सोडला.

मग एका रेखाटनकाराकडे गेलो. त्याला लूकच्या चोविसाव्या अध्यायातली तेरा ते एकतीस एवढीच वचनं काढून दिली: वाट, घर, भाकर मोडणं, त्याला ओळखणं, त्याचं दिसेनासं होणं. चित्राला दोन महिने लागले. माझ्या पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर आता बारुखाच्या धर्तीवर तीन ओळी आहेत: मजकूर मी लिहिला, शुद्धलेखन आणि सूचीसाठी एआयची मदत घेतली, प्रत्येक वचन छापील बायबलशी ताडून पाहिलं. पुस्तकविक्रीच्या मोठ्या संकेतस्थळांपैकी ॲमेझॉन २०२३ पासून एआयने तयार केलेल्या मजकुराची आणि चित्रांची माहिती प्रकाशकाकडून मागतं, पण ती त्याला द्यायची असते. वाचकाला सांगायचं की नाही, हे आपल्यावर. त्या तीन ओळींखाली रेखाटनकाराचं नाव आहे, लहान टाइपात, तर्तियासारखं.

चित्रात माणूस एकही नाही. मेज, मोडलेली भाकर, तेवणारा दिवा, सताड उघडं दार आणि आडवी पडलेली दोन आसनं. बाकीचं लगेच कळलं, पण आसनं आडवी का, ते मला कळेना. मी दिलेल्या वचनांत तसं काही नव्हतं. विचारलं तर म्हणाला, ‘तुम्ही एकतिसाव्याला थांबलात. मी पुढे वाचलं. तेहेतिसाव्यात ते दोघं त्याच घटकेस उठून यरुशलेमेला परत निघतात. रात्रीचे, अकरा किलोमीटर. खुर्च्या नीट लावून कोण निघेल?’